ग्रॅहमचं मराठी

ग्रॅहमला मराठी शिकवायचं मी पत्करलं ते निव्वळ कंटाळ्यापोटी. शाळेतून निवृत्त झाले होते, आमचे हे जाऊनही बराच काळ लोटला होता. कळव्यातल्या आमच्या सोसायटीच्या भिशीत बसून सुनांच्या कागाळ्या ऐकण्यापेक्षा एखाद्या परदेशी माणसाला विभक्ती शिकवलेली बरी, असा विचार केला.

तो न्यूझीलंडचा. धर्मप्रचारक. घरची मेंढ्यांची कुरणं भावाला देऊन आपण देवाच्या कामाला निघालो, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मी कौतुक करावं अशी अपेक्षा असणार. मी विचारलं, "मेंढ्या कुठल्या जातीच्या होत्या?" ते त्याला सांगता आलं नाही.

बाळकुमला एका टॉवरमध्ये, बऱ्याच वरच्या मजल्यावर, तो आणि त्याची बायको ज्युडिथ भाड्याने राहत. घर सामानासकट मिळालं होतं, पण ग्रॅहमने हॉलमधला सोफा मालकाला उचलायला लावला आणि तिथे चटई अंथरली. मग त्याचे गुडघे धरले, म्हणून तो आतल्या खोलीत चाकांच्या खुर्चीवर बसू लागला. चटईवर मी बसायचे.

"आम्हाला इथल्या लोकांसारखं राहायचंय," तो म्हणाला. हे सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत.

"इथले लोक म्हणजे कोण?" मी म्हटलं. "तुमच्या समोरच्या दारातले गृहस्थ जहाजावर अधिकारी आहेत. त्यांच्याकडे मसाज करणारी खुर्ची आहे."

तो हसला. त्याला असं हसता यायचं, क्षमा केल्यासारखं. त्या हसण्याची मला पहिल्या आठवड्यातच शिसारी आली.

शिकवायला मी नेहमीसारखी सुरुवात केली. हे काय आहे? हे पाणी आहे. हा कोण आहे? हा मुलगा आहे. ग्रॅहमला ते नको होतं. त्याला आधी पाप हवं होतं. पाप, पश्चात्ताप, तारण, अंधार. पाण्याचं नंतर बघू म्हणाला. परक्या मुलखात येऊन तहान लागल्यावर काय म्हणायचं हे न शिकता समोरच्याला पापी कसं म्हणायचं ते आधी शिकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी शिकवलं. उच्चारही घासून घेतले. पश्चात्ताप म्हणताना त्याच्या तोंडाला फेस यायचा.

ज्युडिथची तऱ्हा वेगळी. ती नर्स, ठाण्यातल्या मिशनच्या दवाखान्यात जायची. तिला शिकायचं होतं, ते "कापून द्या", "डोकं राहू द्या", "काल दिलेली शिळी होती". टॉवरच्या फाटकाशी रोज सकाळी सगुणा नावाची कोळीण पाटी घेऊन बसायची. बाळकुम गावातलीच, टॉवर यायच्या कितीतरी आधीपासूनची. ज्युडिथ तिच्यापाशी उकिडवी बसून तासन्तास गप्पा मारायची आणि वर येऊन मला "ताजी हाय" ऐकवायची.

"आहे," मी म्हणायचे. "हाय नाही. आहे."

"सगुणा हाय म्हणते."

"सगुणा मासे विकते. मी मराठी शिकवते."

नारळी पौर्णिमेला सगुणाने दोघांना घरी बोलावलं. ग्रॅहमला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. मूळ रहिवासी, खाडीकाठ, होड्या! त्याने छोटंसं भाषण लिहिलं, माझ्याकडून मराठीत करून घेतलं आणि आठवडाभर आरशासमोर पाठ केलं. अडलं तर सांगायला म्हणून मलाही चलायची गळ घातली. मी गेले. हा माणूस तोंडावर कसा आपटतो, ते मला पाहायचंच होतं.

सगुणाचं घर चांगलं दोन मजली. खाली मोठा हॉल, भिंतीवर मुलाच्या लग्नाचा हा एवढा फोटो. मुलगा अनिश बंदरात कामाला, सून हेमाली बँकेत. सगुणाचा नवरा नामा दाराशी खुर्ची टाकून बसला होता, नवा सदरा घालून. ग्रॅहमने खादीचा कुर्ता घातला होता आणि नम्रपणा म्हणून चपला पार फाटकाबाहेर काढल्या होत्या. फाटकापासून दारापर्यंत सुकटीचा कचरा होता, त्यातून तो अनवाणी चालत आला.

हेमालीने ताटल्यांतून करंज्या आणि नारळीभात दिला. ग्रॅहमने ताटली हातात घेतली, उभा राहिला आणि सुरू झाला.

"माझ्या प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो. तुम्ही अंधारात बसला आहात."

नामाने वर पाहिलं. मग सुनेला म्हणाला, "हेमाली, लाईट लाव गो."

तिने लावली. ग्रॅहम थांबला, आभार मानले आणि पुढे गेला. येशू, प्रकाश, तारण. उच्चार चांगले होते, हे मला कबूल करायलाच हवं. ती मेहनत माझी. सगळे शांतपणे ऐकत होते. पाहुणा बोलतोय म्हटल्यावर ऐकायचं, एवढी रीत त्या घराला होती.

त्याचं संपल्यावर सगुणा मान डोलावत म्हणाली, "येशूबाबा ना? म्हायती हाय. त्याची आई हाय आमच्याकडं." आणि तिने भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. एकवीरा आईची तसबीर, आणि तिच्या शेजारी निळ्या वस्त्रातली, कडेवर बाळ घेतलेली लहानशी मूर्ती. बांद्र्याच्या डोंगरावरची मोतमावली, म्हणजे माउंट मेरी. दोघींना सारखाच झेंडूचा हार.

"अनिश तीन वर्षांचा व्हता," सगुणा सांगू लागली. "ताप उतरंना. डॉक्टरनी हात टेकले. मंग मावलीला बोलले, पोर वाचलं तर मेणाचं बाळ वाहीन. वाचला. तवापासून दर जत्रेला जातो आम्ही."

मला वाटलं, आता तरी हा माणूस आनंदेल. सात समुद्र ओलांडून ज्याचं नाव सांगायला आला, त्याची आई इथे आधीच येऊन बसलेली, हार घालून. पण ग्रॅहमचा चेहरा आंबला. त्याच्या पंथाला मूर्ती चालत नव्हती, मेरीचीसुद्धा. तो माझ्याकडे वळून भराभर इंग्रजीत बोलू लागला. हे पाठ केलेलं नव्हतं.

"त्यांना सांगा," तो म्हणाला. "स्पष्ट सांगा."

मी स्पष्ट सांगितलं. "साहेब म्हणतायत, ही कोणाची आई नाही. हा प्लास्टरचा तुकडा आहे. हिच्यापुढे मेणबत्ती लावणं पाप आहे. तुमचा मुलगा हिच्यामुळे वाचला नाही."

एक शब्द मऊ केला नाही. एक वाढवलाही नाही.

अनिशने मान खाली घातली होती, पण कान लाल झाले होते. सगुणा उठली, ग्रॅहमजवळ गेली आणि त्याच्या हातातली ताटली काढून घेतली. अर्धी करंजी होती, तीसुद्धा.

"निघा," ती म्हणाली.

ज्युडिथ उभी राहिली. घाईघाईत तिला काही सुचेना. "माफ करा, सगुणाताई," एवढंच म्हणाली. सगुणाने तिच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर ग्रॅहमने चपला घातल्या आणि मला विचारलं, "माझं मराठी त्यांना कळलं?"

"अगदी सगळं."

"विरोध होणारच," तो म्हणाला आणि पुन्हा तसंच हसला. सगुणाने हाकलून दिल्याचा त्याला आनंद झाला होता! घरी भावाला फोनवर सांगायला काहीतरी मिळालं होतं.

टॉवरवर परतल्यावर लिफ्टपाशी ज्युडिथने मला गाठलं. "तुम्हाला थोडं वेगळं सांगता आलं असतं."

"मी भाषांतर करते," मी म्हटलं. "तुमच्या नवऱ्याची अब्रू राखायचं काम माझं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचीही कीव आली नाही. अशा माणसाच्या मागे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला येताना हिने काय पाहिलं होतं?

नंतर बरेच दिवस सगुणाने तिला मासे दिले नाहीत. ज्युडिथ रोज फाटकापाशी जाऊन उभी राहायची, सगुणा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायची. सप्टेंबरात बांद्र्याची जत्रा आली. सगुणा गावातल्या बायकांबरोबर निघाली, तर रिक्षा स्टँडवर ज्युडिथ हजर, हातात मेणबत्त्या. सगुणा म्हणाली, "चल मंग." एवढंच. हे मला ज्युडिथनेच शिकवणीत सांगितलं, ग्रॅहम आत असताना, आवाज न दाबता.

आतली चाकांची खुर्ची करकरली. त्या दिवशी त्यांचं जे भांडण झालं ते इंग्रजीत झालं, त्यात माझं काम नव्हतं, म्हणून मी उठून आले.

दिवाळीच्या सुमारास ग्रॅहमला देवाची नवी हाक आली. शहरातले लोक कठोर मनाचे, खऱ्या गावात जायला हवं. देवाने खडवली सांगितली. नदीकाठी कोणाचं तरी फार्महाउस होतं, बाग आणि माळीबाबासकट. या देवाने त्याला गैरसोयीच्या जागी कधी बोलावलं नाही. पुढची शिकवणी मी नाकारली. त्याने फोनवरून शिकवणारा कोणी पोरगा गाठला.

पुढच्या पावसाळ्याआधी ठाण्याच्या बाजारात ज्युडिथ दिसली. कोलंबीच्या ढिगापुढे उकिडवी बसून विकणारीशी कडाकडा भांडत होती. अंगावर साधा ड्रेस, केस बांधलेले, ऊन लागून नाक सोललेलं. मला पाहून उठली.

"ग्रॅहम गेला," म्हणाली. "उन्हाळा सोसला नाय. देव म्हणाला, घरी जा."

"आणि तुम्ही?"

"मला नाय म्हणाला. मी नाय गेली. दवाखान्यात काम हाय. सगुणाच्या वरच्या खोलीत राहते."

"मी गेले नाही," मी म्हटलं. "काम आहे. असं बोलायचं. इतके महिने शिकवलं मी तुम्हाला."

ती जराशी हसली. तिच्या नवऱ्यासारखं नाही, पण मला ते आवडलं नाही. मग पुन्हा खाली बसली आणि कोलंबीवालीला म्हणाली, "दे गो नीट, बारकी घालू नको."

मी माझी भाजी घेतली आणि कळव्याची रिक्षा पकडली.