एकोणतीस दिवस

माझा साडू पदक घेऊन दुकानात आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. तसं ते बेचाळीस वर्षं दुखतंच आहे.

मी शिंपी. जुन्या सैनिकांच्या पदकांना नवी फीत लावायची, ती पट्टीवर ओळीने बसवून द्यायची, हे माझं खास काम. मला सगळे फितीवाला म्हणतात. इतक्या छात्या सजवल्या, पण माझ्या स्वतःच्या कोटावर काय, तर टाचण्या!

त्या मोहिमेत आम्ही दोघंही होतो. मी तंबू शिवायचो, तो ट्रक चालवायचा. नदीपलीकडे तीस दिवस काढले की पदक, अशी अट फलकावर लागली होती. शौर्याबिर्याचा काही संबंध नाही. स्वयंपाक्याला मिळालं, न्हाव्याला मिळालं, खेचरांच्या डॉक्टरलाही मिळालं. पदकाच्या कडेवर ज्याचा त्याचा नंबर आणि नाव कोरलेलं. हा माणूस तिथे होता, एवढंच ते पदक सांगतं. माझे भरले एकोणतीस.

त्या दुपारी मी तापाने फणफणलो होतो. ह्याने मला उचलून ट्रकमध्ये घातलं. मी अक्षरशः हातापाया पडलो, "उद्या ने रे, एकच दिवस राहिलाय." त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दिवस मावळायच्या आत मला पुलाच्या अलीकडे आणून टाकलं. स्वतः परत गेला आणि चांगले दोन महिने काढून आला. पुढे मला भेटायला इस्पितळात यायचा, तिथेच माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी सूत जुळवलं. म्हणजे पदक तर घेतलंच, वर साडू होऊन जन्माचा माझ्या डोळ्यांसमोर बसला.

"रविवारी संचलन आहे," तो म्हणाला. "फीत पार विटलीये बघ. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ?"

"ठेव तिथे."

"भाऊजी, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं!" आतून आमची ही. माझ्याशी बोलताना हा गोडवा कुठे जातो, देव जाणे.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि पदक छातीशी धरून आरशासमोर उभा राहिलो. शोभत होतं. त्याच्यापेक्षा जास्त शोभत होतं, खोटं कशाला बोलू?

मग मी ते केलं. फितीच्या एका कडेला निळा पट्टा असतो, नदीचा. तो छातीच्या मधल्या बाजूला यावा लागतो. मी फीत उलटी धरली आणि बारीक, पक्के टाके घातले. ही चूक फक्त त्या मोहिमेतल्या माणसालाच कळणार, आणि रविवारी मैदानावर नेमके तेच असणार होते. होऊ दे म्हटलं एकदा ह्याची चारचौघांत शोभा.

रविवारी मी दोघी बहिणींबरोबर दोरीमागे उभा होतो. पाहणी करणारे मोठे साहेब साडूसमोर थांबले. फितीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. साडू दोन शब्द बोलला. रांगेतले म्हातारे माना वळवून फिदीफिदी हसले. मला गुदगुल्या झाल्या, नाही असं नाही.

संचलन संपल्यावर तो सरळ माझ्याकडेच आला.

"काय म्हणत होते साहेब?" मी साळसूदपणे विचारलं.

"फीत उलटी आहे म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे."

"माहीत होतं? कधीपासून?"

"तू हातात दिलंस तेव्हाच दिसलं. बेचाळीस वर्षं लावतोय, मला कळणार नाही?"

"मग तिथेच माझ्या तोंडावर का नाही फेकलंस?"

त्याने पदक काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "डॉक्टर म्हणाले होते, उद्यापर्यंत हा टिकणार नाही. म्हणून नेलं तुला. पण तुझा एक दिवस मी घेतला, हे खरंच आहे. म्हटलं, आज माझा एक दिवस तू घे. फिटलं."

घरी येऊन मी फीत उसवली आणि सरळ शिवून दिली. दोनदा सुई टोचली. पदक त्याला मिळालं होतं, ते मी कसंबसं सोसलं होतं. आता मनाचा मोठेपणाही त्यालाच मिळाला. जळू नको तर काय करू?