भूगोलाच्या बाईंचा जनरेटर

मित्रांनो, घरामागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला एक लाल, ओरखडे पडलेलं धूड दिसतंय ना? तो मी. पेट्रोलवर चालणारा जनरेटर. दोघांनी मिळून उचलावं एवढं माझं वजन आणि शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावावा एवढा माझा आवाज. वय झालंय, पण अजून दोरीच्या दोन-तीन झटक्यांत जागा होतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ओल्या रंगाचा वास आठवतो, आणि शेवटचा स्क्रू आवळून एका बाईनं माझ्या पाठीवर मारलेली थाप. तिथून मी थेट एका सुताराकडे गेलो. जिथे वीज यायची होती अशा अर्धवट इमारतींत तो दारं-खिडक्या बसवायचा आणि त्याची करवत नि रंधा मी चालवायचो. सुतार बोलायला कंजूष होता. पण माझं तेल मात्र ठरल्या दिवशी बदलायचा, आणि कुणी माझ्या आवाजाची तक्रार केली की म्हणायचा, "हा माझा तिसरा हात आहे. हात आवाज करणारच."

पुढे सुताराचे गुडघे गेले. त्यानं काम बंद केलं आणि मी कोठीत पडलो. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. मित्रांनो, पेट्रोलही शिळं होतं बरं का. त्याचा डिंकासारखा चिकट थर माझ्या कार्बोरेटरमध्ये बसला. कोळ्यांनी माझ्या जाळीत संसार थाटले. दोन उन्हाळे असेच गेले. कुणी कोठीचं दार उघडलं की मला वाटायचं, आलं आपलं बोलावणं. पण माणूस खुरपं नाहीतर रिकामी बादली घेऊन निघून जायचा.

मग एके दिवशी ड्रायव्हरकाका आले.

काकांनी तीस वर्षं बस चालवली होती, तीही एकाच घाटाच्या रस्त्यावर. सकाळी वर, संध्याकाळी खाली. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून सगळं गाव तिला बाई म्हणायचं. बाईंनी फळ्यावर जगातल्या नद्या काढल्या, वाळवंटं काढली, पण स्वतः पाहिलं काहीच नाही. आज सवड नाही, उद्या सुट्टी नाही, असं करत दोघंही निवृत्त झाली. आणि आता फिरू म्हणेपर्यंत बाईंना नसांचा आजार जडला. गारव्यात त्या बऱ्या असायच्या. अंग तापलं की पाय लाकडासारखे व्हायचे आणि जिभेवर शब्द अडखळायचे. डॉक्टरांनी सांगितलं, "उन्हापासून जपा."

"म्हणजे आता कुठेच जायचं नाही," बाई म्हणाल्या होत्या. रडल्या नाहीत. नुसती नकाशाची गुंडाळी कपाटावर ठेवून दिली.

काकांना ते लागलं. त्यांनी भंगारात निघालेली एक लहान बस आणली आणि सहा महिने खपून तिची घरगाडी केली. आत पलंग, छोटासा ओटा, दोन कपाटं आणि टपावर जुना पण धडधाकट एसी. आता वाटेत थांबल्यावर त्या एसीला वीज कोण देणार? म्हणून मी.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. काकांनी मला पुसलं, ताजं पेट्रोल भरलं, झटके मारमारून कसंबसं सुरू केलं आणि एसीचं बटण दाबलं. आधी नुसता पंखा फिरला. मला वाटलं, एवढंच होय! तेवढ्यात कॉम्प्रेसर उठायला गेला आणि कुणीतरी गळा आवळावा तसं मला झालं. मी घरघरलो, लाल दिवा लागला, वीज तुटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," काका वैतागून म्हणाले.

मला शरम वाटली. पण काकांची भाची फ्रिज आणि एसी दुरुस्त करायची. ती दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन आली.

"मामा, भरलेली बस चढावर थांबली, तर ती पुन्हा हलवताना काय करता?"

"पहिला गिअर टाकायचा. क्लच हळूहळू सोडत बेतानं उचलायची."

"आणि एकदा चालू लागली की?"

"मग काय, लोण्यासारखी."

"एसीचंही तसंच असतं. चालताना बेताची वीज खातो, पण उठताना क्षणभर तिप्पट-चौपट मागतो. तेवढी याच्याकडे नाही. याला नावं ठेवू नका, एसीला बेतानं उठायला शिकवू."

तिनं एसीच्या पोटात मुठीएवढी एक डबी बसवली. सॉफ्ट स्टार्टर म्हणतात तिला. एसीची धुळीनं कोंदलेली जाळी धुतली. माझा कार्बोरेटर उघडून तो डिंक खरवडला, नवा प्लग घातला, तेल बदललं. मग म्हणाली, "चला, लावा."

पंखा फिरला. मी श्वास रोखला. कॉम्प्रेसर उठला, पण या वेळी झोपेतून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, हळूहळू. माझ्यावर ओढ आली, माझा आवाज जाड झाला, पण मी टिकलो. आतून बाई ओरडल्या, "अहो, गार वारा आला!" काकांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की सुताराच्या नंतर तसं कुणी पाहिलं नव्हतं.

जाता जाता भाचीनं बजावलं, "एसी चालू असताना चहाची विजेची किटली लावायची नाही. जाड आणि लांब वायर घ्या. जनरेटर गाडीपासून निदान वीस फूट लांब ठेवा, धुराचं तोंड पलीकडे. या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. आत त्या वायूचा अलार्म लावून घ्या."

"हो हो," काका म्हणाले. बाईंनी लगेच एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून ओट्यावर चिकटवलं, 'एसी किंवा किटली.' काकांनी वायर जाड आणली खरी, पण आखूड. लांब वायरचं वेटोळं पेटीत मावेना. अलार्मचं म्हणाल, तर तो 'परत आल्यावर बघू'वर गेला. तीस वर्षांत एकही अपघात नाही, याचा काकांना अभिमान होता, आणि अभिमानी माणूस अर्धंच ऐकतो.

आम्ही निघालो. कुठे? बाईंनी नकाशा उलगडून नदीच्या मुखावर बोट ठेवलं. एक मोठी नदी जिथे शंभर फाटे फोडून समुद्रात शिरते ते ठिकाण. त्यांनी ते फळ्यावर शेकडो वेळा काढलं होतं.

सकाळी प्रवास करायचा, दुपारी थांबायचं, असा शिरस्ता पडला. बारा ते चार माझी पाळी. माझ्या आवाजात आतलं बोलणं मला फारसं ऐकू यायचं नाही, पण एसीच्या ओढीवरून कळायचं. आत गार झालं की कॉम्प्रेसर सुटायचा, माझा आवाज हलका व्हायचा. मग मला कळायचं की बाई आता पलंगावर टेकून पाय हलवत असतील.

तिसऱ्या दिवशी, समुद्र जवळ आल्यावर, आम्ही ट्रक थांबतात अशा एका उघड्या मैदानावर थांबलो. ऊन रणरणत होतं. सकाळपासून वारा गाडीच्या मागून वाहत होता, म्हणून काकांनी मला पुढच्या बाजूला, धूर गाडीपासून दूर जाईल असं ठेवलं. पण वायर आखूड. मी होतो जेमतेम आठ फुटांवर. वायर जिथून आत जायची त्या खिडकीच्या फटीत काकांनी फडकं कोंबलं आणि ते आत गेले.

तासाभरानं माझा धूर वळला.

आधी माझं लक्ष नव्हतं. मग पाहिलं तर तो सरळ त्या खिडकीकडे जात होता आणि फडकं तर केव्हाच खाली पडलेलं. मित्रांनो, मी काय करणार? मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे माझा रोजचाच आवाज. मी जितकं नेटानं काम करावं, तितका धूर आत जात होता. ज्या माणसांसाठी राबायचं, त्यांनाच आपण मारतोय हे कळावं आणि थांबता येऊ नये, याहून वाईट मी काही अनुभवलेलं नाही.

आत काय झालं ते बाईंनी नंतर भाचीला सांगितलं, तेव्हा मी जवळच होतो. बाईंचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. वाटलं, ऊन बाधलं. त्यांनी एसी वाढवायला सांगितला. काका उठले आणि भिंतीला धरून पुन्हा बसले.

"काय झालं हो?"

"काही नाही. डोकं जरा जड झालंय."

बाई एकदम सावध झाल्या. "माझं दुखतंय ते आजारानं. तुमचं का दुखावं?" त्यांनी खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं. मघाशी बाहेरच्या बाजूला ओढला जाणारा पडदा आता आत फुगत होता.

"अहो, वारा फिरलाय! दुपारी जमीन तापली की वारा समुद्राकडून येतो. सातवीच्या पुस्तकातलं आहे हे. उठा, धूर आत येतोय!"

काकांनी लाथेनं दार उघडलं. बाईंचे पाय काही केल्या हलेनात, तेव्हा त्यांनी बाईंना उचलून, धडपडत समोरच्या झाडाखाली नेलं आणि तसेच परत येऊन माझं बटण बंद केलं. एवढी गोड शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. शेजारचा ट्रकवाला धावत आला. दोघांना केबिनमध्ये बसवून त्यानं दवाखाना गाठला. तिथल्या नर्सनं नाकाला प्राणवायू लावला आणि काकांना मनसोक्त रागावून घेतलं.

मी मैदानात एकटाच. ऊन कलेपर्यंत रस्त्याकडे बघत बसलो. दोघं परत आली तेव्हा आपल्या पायांनी चालत होती, सावकाश, एकमेकांच्या आधारानं. काकांनी मला पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा बदलला.

"हे धूड इथंच टाकून देतो. घरी जाऊ. हौस फिटली."

"त्याचा काय दोष?" बाई म्हणाल्या. जीभ अजून जडच होती, पण सूर वर्गातला होता. "धूर त्यानं सोडायचाच. तो कुठं सोडायचा हे बघणं आपलं काम. भाचीनं सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं," काका खाली मान घालून म्हणाले. "अगं, तुला काही झालं असतं तर मी..."

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांना पायरीवर शेजारी बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका बाजारातून चाळीस फूट लांब, जाड वायर आणि दोन अलार्म घेऊन आले. एक पलंगापाशी लावला, एक दारापाशी. खिडकीची फट नीट बंद केली. त्यानंतर दर तासाला ते चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघू लागले.

आणि आम्ही नदीच्या मुखाशी पोचलो. मी दूर बांधावर उभा राहून दुपारभर चाललो आणि बाई गार खिडकीत बसून नुसत्या बघत राहिल्या. ऊन उतरल्यावर काकांनी मला बंद केलं. बाई त्यांच्या दंडाला धरून बांधापर्यंत आल्या. समोर पाणी, चिखल, बगळे, पुन्हा पाणी.

"अहो, मी चुकीचं शिकवलं की!"

"काय?"

"मी फळ्यावर इथे एक ठळक रेघ मारायचे. ही नदी, हा समुद्र. एका मुलीनं पेपरात सगळं बोटानं पुसट करून ठेवलं होतं. मी तिचे दोन मार्क कापले. आता बघा, आहे का कुठे रेघ?"

काकांनी डोळे बारीक करून पाहिलं. "मला तर सगळा चिखलच दिसतोय."

बाई हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना माझ्यावर टेकावं लागलं. मी अजून कोमट होतो.

त्यानंतर आम्ही आणखी दोन प्रवास केले. आता बाईंना लांबचं बसणं झेपत नाही. घरगाडी भाचीकडे गेली, मी मात्र इथेच राहिलो. काका मला अडगळीत टाकत नाहीत. महिन्यातून एकदा थोडा वेळ चालवतात, तेल बघतात, पेट्रोल शिळं होऊ देत नाहीत. ऐन उन्हाळ्यात वीज गेली की बाईंच्या खोलीचा एसी माझ्यावर चालतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना सावध करता येत नाही. म्हणून आमच्या वतीनं तुम्हीच लक्ष ठेवा. आम्हाला घरात, गॅरेजात, खिडकीजवळ लावू नका. तापलेलो असताना आमच्यात पेट्रोल ओतू नका. झेपेल तेवढंच ओझं द्या. आणि घरात एकाच वेळी दोघांचं डोकं दुखू लागलं, तर गोळी शोधत बसू नका, आधी बाहेर पळा. काम झालं की आम्हाला पुसून ठेवा. आम्ही कुरकुरतो, पण साथ सोडत नाही.

पंखा थांबला वाटतं आतला. वीज गेली. बाहेर डांबर वितळेल असं ऊन आहे आणि काका वायर खांद्यावर टाकून लगबगीनं येताहेत. आता बोलणं पुरे, मला उठायला हवं.