बापूसाहेबांची शिष्या

भय्यासाहेब चहाला तोंड लावणार नाहीत, हे सत्यवतीला कप भरतानाच माहीत होतं. तरी तिनं दूध जास्त घातलं, वेलदोडा कुटून टाकला आणि घरातला टवका न उडालेला एकमेव कप पुढं केला. भय्यासाहेबांनी तो घेतला, गुडघ्यावर धरला आणि अर्धा तास बोलत राहिले. चहावर साय धरली, सायीला सुरकुत्या पडल्या. सत्यवतीची नजर त्या सुरकुत्यांवरून हलेना. शेवटी कप जसाच्या तसा खाली ठेवत ते म्हणाले, "शुगर आहे ना, बाई. डॉक्टरांनी सगळं बंद केलंय."

स्वतः आणलेल्या खोक्यातले दोन पेढे मात्र त्यांनी तेवढ्या वेळात खाल्ले होते.

घमापूर वस्तीतल्या त्या दीड खोलीत ते पहिल्यांदाच आले होते. सिविल लाइंसमध्ये त्यांचा बंगला. त्यांचे वडील बापूसाहेब तिथं कथ्थक शिकवत. जबलपूरच्या निम्म्या साहेबलोकांच्या मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. यंदा, म्हणजे दोन हजार चार साली, बापूसाहेबांची जन्मशताब्दी होती. सोहळा करायचा म्हणून भय्यासाहेबांनी शिष्यांची यादी काढली, तर कुणी अमेरिकेत निघाली, कुणाचे गुडघे बदललेले, आणि बाकीच्यांनी लग्नात मंगळसूत्र बांधलं तेव्हाच घुंगरू सोडलेले. पन्नास वर्षं खंड न पाडता नाचणारी आणि मुलींना शिकवणारी अशी शहरात एक सत्यवती मेश्रामच उरली होती.

"पत्रिकेत तुमचं नाव घातलंय," भय्यासाहेब म्हणाले. "बापूसाहेबांच्या ज्येष्ठ शिष्या."

"मी कधी शिकली त्यांच्याजवळ?"

"अहो, आमच्या अंगणात वाढलात तुम्ही."

"वाढली नाही, भय्यासाहेब. झाडायला येत होती, मायसोबत."

"तेच तर," ते खूश होऊन म्हणाले. "तेच सांगायचंय लोकांना. तुम्ही आमच्या घरच्याच."

घरच्याच हा शब्द त्यांनी पेढ्यासारखा तोंडात घोळवला. सत्यवती नाही म्हणणार होती; जीभ टाळूला लागलीही होती. तेवढ्यात भय्यासाहेब म्हणाले, "तुमच्या वर्गाला जागा नाही म्हणे. आमचा व्हरांडा पडूनच आहे. सोहळ्यात दोन शब्द बोला, मुलींचं थोडं करून दाखवा, आणि चावी त्याच दिवशी स्टेजवर घ्या. आठवड्यातले चार दिवस तुमचे."

सत्यवतीनं जीभ खाली घेतली.

ते गेल्यावर तिचा नवरा टिकाराम आतून आला. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून त्याचं मुख्य काम पडद्यामागून ऐकणं हे होतं.

"पेढा चांगला हाय," तो म्हणाला.

"तुमच्या घशाखाली उतरला?"

"का, पेढ्यानं का पाप केलं? तू काहून तोंड असं करून राहिली?"

"मी हो म्हटलं."

टिकारामनं दुसरा पेढा उचलला होता, तो खोक्यात परत ठेवला.

त्या व्हरांड्याची गोष्ट त्याला ठाऊक होती. कुण्या इंग्रजानं पार्ट्यांसाठी तिथं सागाच्या फळ्या घालून घेतल्या होत्या. बापूसाहेब अंगणाला पाठ करून खुर्चीत बसत, समोर मुली. खुर्चीच्या मागं पेरूच्या झाडाखाली दहा वर्षांची सत्यवती पाचोळा गोळा करी. एकाच जागचा पाचोळा ती तासभर गोळा करी. तिची माय भीमाबाई म्हणे, "त्या पेरूले का बाराही महिने पानगळ राहते व?" सत्यवतीचे हात झाडूवर असत आणि पाय मातीत मुलींबरोबर पडत.

एका दुपारी व्हरांडा रिकामा दिसला आणि ती वर चढली. पाय टाकला, तर जमिनीनं उत्तर दिलं. माती कधी बोलली नव्हती. माती सगळं गिळून टाकी. सागाची फळी पावलाखाली जरा दबायची आणि पाऊल परत उचलून द्यायची. सत्यवती किती वेळ नाचली, तिला ठाऊक नाही. थांबली तेव्हा बापूसाहेब दारात उभे होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला पुढं जन्मभर वाटत राहिलं. त्यांनी शांतपणे भीमाबाईला हाक मारली, दोन बादल्या पाणी आणायला सांगितलं आणि पोरीची पावलं जिथं जिथं पडली होती ती जागा तिच्या आईकडूनच धुवून घेतली. फळ्या फुगतील म्हणून लगोलग कोरड्या फडक्यानं पुसूनही घेतली. तोवर वर्गाच्या मुली आल्या होत्या. सात वर्षांचे भय्यासाहेब उंबऱ्यावर उभे राहून बोट दाखवत होते, "इथं राहिलं. तिथंपण राहिलं."

घरी आल्यावर भीमाबाई भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "पाय हाय तर नाचशीलच. पण कोणाच्या घरी नको नाचू."

सत्यवतीनं नाच सोडला नाही. रेडिओवर तबला लागला की ती स्वयंपाकघरात उभी राही. बोल वहीत उतरवी, चुकीचे उतरवी, दुसऱ्यांदा ऐकून खोडी. लग्नानंतर मोहल्ल्यातल्या पोरींना गोळा केलं. नगरपालिकेच्या एका शाळेनं संध्याकाळी खोली दिली, ती छत्तीस वर्षं पुरली. आता त्या खोलीत कॉम्प्युटर येणार होते. शिवाय ती खोली सिमेंटची. पुष्पा नावाची तिची अकरा वर्षांची सगळ्यात तयार पोर, तिचा गुडघा दर रविवारी मोठ्या तालमीनंतर कणकेच्या गोळ्यासारखा सुजे. सत्यवतीचे स्वतःचे दोन्ही गुडघे गेले होते. पोरींचे जाऊ नयेत, एवढंच तिचं मागणं. म्हणजे तिला ती फळी हवी होती, आणि फळी जगात एकाच घरी होती.

सोहळ्याआधी दहा दिवस ती सोळा मुली घेऊन तालमीला बंगल्यावर गेली. मुलींनी फळ्यांवर पाय टाकले आणि एकमेकींकडं पाहून हसायलाच लागल्या. पुष्पा म्हणाली, "दीदी, ये तो खुद ही नचा रहा है." सत्यवतीला भरून आलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली. तिची नजर आपोआप, ओलं कुठं आहे का, ते शोधत होती.

तालीम पाहायला लीलाताई आल्या होत्या. बापूसाहेबांच्या त्या वेळच्या पहिल्या नंबरच्या विद्यार्थिनी. आता हातात काठी आणि अंगाला बामचा वास. दोन आवर्तनं झाली आणि काठी फळीवर आपटली.

"थांबा, थांबा. ह्या सगळ्या डाव्या पायानं का सुरू करतात? ता हा पहिला बोल म्हणजे उजवा पाय."

सत्यवतीला हे ठाऊक होतं. तिनं कथ्थक झाडाखालून, समोरच्या मुलींकडं पाहून उचललं होतं. त्यांचा उजवा तो तिच्या डाव्या हाताला दिसे, म्हणून तिनं डावा टाकला. आरशात पाहून भांग पाडावा तसं सगळं नृत्यच तिच्या अंगात उलटं बसलं. कळलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि शरीर ऐकेनासं झालं होतं. मग मुलीही तशाच शिकल्या. स्पर्धांमध्ये मार्क कापले जात, ती परीक्षकांना म्हणे, "आमच्याकडं असंच हाय जी."

भय्यासाहेबांनी तिला बाजूला घेतलं. "दहा दिवस आहेत. उजवा करून घ्या, बाई. बापूसाहेबांची शिष्या आणि डावा पाय, लोक काय म्हणतील? मग त्यांनी शिकवलं कुठून असं विचारतील."

"खरंच विचारतील," सत्यवती म्हणाली.

"चलो, होऊन जाईल," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. हात ओलसर होता. घरी जाऊन तिनं ब्लाउज भिजत घातला.

दहा दिवस तिनं उजवा पाय शिकवला. मुली अडखळल्या, एकमेकींवर आदळल्या, रडकुंडीला आल्या. नाचानं तिला आयुष्यभर एक गोष्ट शिकवली होती: अर्धवट टाकलेलं पाऊल आवाजावरून ओळखू येतं, डोळे मिटलेल्या माणसालाही. ह्या दहा दिवसांत बत्तीस पावलांचा तोच आवाज येत होता. आठव्या दिवशी पुष्पानं विचारलं, "दीदी, हम अब तक गलत कर रहे थे क्या?"

"हां," सत्यवती म्हणाली. "गलत था."

पोरगी खाली बसून गुडघा चोळत राहिली. सत्यवतीनं नळावर जाऊन चूळ भरली. दोनदा भरली, तरी तोंडाची चव जाईना.

सोहळ्याच्या दिवशी अंगणात शामियाना होता आणि व्हरांड्याचं स्टेज केलं होतं. मधोमध बापूसाहेबांचा मोठा फोटो, पुढं मखमलीच्या गादीवर त्यांच्या चपला. झेंडू, अत्तर, तुपातल्या पुऱ्या आणि पहिल्या रांगेतल्या साहेबांचं पान, सगळ्याचा मिळून एक दाट वास हवेत लोंबत होता. भय्यासाहेब माईकवर बोलत होते.

"त्या काळात, लक्षात घ्या, त्या काळात बापूसाहेबांनी अंगणात झाडणाऱ्या एका मुलीचा हात धरला आणि तिला ह्या फळ्यांवर आणून उभं केलं."

टाळ्या झाल्या. एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. सत्यवतीनं त्या रुमालाकडं पाहिलं. तिला वाटलं, इतकी वर्षं आपल्याला त्या दोन बादल्यांचा राग आहे असं आपण समजत होतो. राग नव्हता तो, ही शिसारी होती, आणि ती आज त्या रुमालातून टपकतेय.

भय्यासाहेबांनी माईक तिच्या हातात दिला. तिनं आधी मुलींना हात केला. "पोरींनो, जसं तुम्हाले येते तसं. पहिलेवालं."

मुलींना समजायला एक क्षण लागला. मग सोळा डावे पाय एकदम पडले. फळ्या दणाणल्या, फोटोवरचा हार हलला. सोळाच्या सोळा जणी आवर्तन संपवून समेवर आल्या आणि थांबल्या. लीलाताईंनी काठी उचलली होती, ती आपटायची राहून गेली.

"हे उलटं आहे," सत्यवती माईकवर म्हणाली. "म्हणजे पुस्तकाप्रमाणं उलटं. कारण मी तिथून पाहत होती." तिनं पेरूच्या झाडाकडं बोट केलं. "ह्या फळ्यांवर मी एकदाच चढली. त्यावर बापूसाहेबांनी माझ्या मायकडून ही जागा धुवून घेतली. दोन बादल्या. भय्यासाहेब लहान होते, पण त्यांनी पाहिलं. कुठं कोरडं राहिलं ते तेच दाखवत होते. बापूसाहेबांनी माझा हात धरला नाही. मी त्यांची शिष्या नाही. मले एवढंच सांगायचं होतं."

भय्यासाहेबांचा चेहरा पिठूळ झाला होता. सत्यवतीला हलकं वाटलं. पण किती वेळ, तर भय्यासाहेबांना माईक परत घ्यायला लागला तेवढाच.

"पाहिलंत," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच ओला झाला होता. "पाहिलीत बापूसाहेबांची शिस्त. नृत्याची जागा म्हणजे देवघर. त्या कडक शिस्तीतून, त्या खुर्चीच्या मागं उभं राहूनसुद्धा ही मुलगी घडली. न शिकवता शिकवणं, ह्याला म्हणतात गुरू."

अंगण टाळ्यांनी फुटलं. मघाच्या बाईंनी आता दोन्ही डोळ्यांना रुमाल लावला. लीलाताईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या.

सत्यवती पाहत राहिली. आपण सगळ्यात खरी गोष्ट बाहेर काढली, आणि ह्या माणसानं ती पुरीसारखी उचलून, तुपात बुडवून खाऊन टाकली. ढेकरही दिला नाही. ह्या व्हरांड्यात आपण वीस वर्षं शिकवलं तरी प्रत्येक पोर त्यांचीच होणार. पुष्पाचं पाऊलही बापूसाहेबांच्याच नावावर जाणार.

भय्यासाहेबांची सून चांदीचं ताट घेऊन आली. शाल, नारळ आणि लाल फीत बांधलेली चावी. "आता मुलींनी बापूसाहेबांच्या पादुकांना नमस्कार करायचा," भय्यासाहेबांनी जाहीर केलं. पुष्पा रांगेत पहिली होती. ती पुढं झाली आणि सत्यवतीकडं पाहिलं.

"चल बेटा," सत्यवती म्हणाली. "घुंगरू सोडा सगळ्या. आपल्याले टेम्पो भेटणार नाही मग."

"बाई, चावी," भय्यासाहेब माईकवर हात ठेवून कुजबुजले. "अहो, तुमच्याच मुलींसाठी आहे. गुडघे जातील पोरींचे."

हे एकच वाक्य तिला लागलं, कारण ते खरं होतं. ती ताटासमोर इतका वेळ उभी राहिली की सुनेचे हात अवघडले.

"जातील," ती म्हणाली. "चावी राहू द्या."

शाल तिनं घेतली नाही. नारळ घेतला, नारळ झाडावरून येतो, त्यात कुणाचं काय. फाटकाशी उभ्या टिकारामच्या हातात तो देत म्हणाली, "चटणी होईल." टिकाराम म्हणाला, "आणि फळी?" ती फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुली मोजू लागली.

पंधरा दिवसांत सिविल लाइंसच्या व्हरांड्यात बापूसाहेबांच्या नावाचा वर्ग निघाला. भोपाळहून शिकवणारी आणली, फी माफ. सत्यवतीच्या सोळातल्या सात मुली तिकडं गेल्या. आया येऊन सांगून गेल्या, मान खाली घालून. "दीदी, वहां लकड़ी का फर्श है." सत्यवती म्हणाली, "सही किया," आणि त्यांना चहा दिला. त्यांनी तो प्यायला.

उरलेल्यांसाठी शेजारच्या इंदूनं गच्ची दिली. टिकारामनं फॅक्टरीच्या ओळखीतून रबराच्या जुन्या पट्ट्या मिळवल्या, त्यावर दोन सतरंज्या घातल्या. पाय टाकला की भद्द असा आवाज येई, ओल्या पोत्यावर टाकल्यासारखा. घुंगरांची अर्धी खणखण ती सतरंजीच खाऊन टाकी. सत्यवतीला तो आवाज मुळीच आवडला नाही. तिनं वाकून सतरंजीची सुरकुती ओढली, परत पाय टाकून पाहिला, आणि परत तोंड वाकडं केलं.

पुष्पा गुडघ्याला पट्टी बांधून जिना चढून आली.

"तुझ्या मायनं पाठवलं का तुले?"

"नहीं. मम्मी तो वहां बोल रही थी."

"मग?"

पुष्पानं खांदे उडवले. घुंगरू बांधायला खाली बसली. तिचे दोर ढिले होते. सत्यवती समोर बसली, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि घोट्याभोवती दोर घट्ट ओढू लागली.

"लागते का?"

"थोड़ा."

"थोडं लागू दे," सत्यवती म्हणाली, आणि दुसरा पाय घेतला.