पेलिंगच्या कादंबरीचा शेवट

हंफ्री पेलिंगच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पण म्हाताऱ्याचा जीव अडकला होता भलत्याच गोष्टीत. ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या, लोकांनी त्या आगगाडीत, अंथरुणात, न्हाणीघरात वाचल्या. पण लंडनच्या शहाण्यांनी त्याला कधी लेखक म्हटलं नाही. त्यातला अतिशहाणा म्हणजे समीक्षक लायनेल ऑग्डन. वर्षानुवर्षं पेपरातून त्यानं पेलिंगची सालटी काढली. आणि आज तोच पेलिंगला भेटायला वर्दिंगला, त्याच्या समुद्रकाठच्या घरी येणार होता! मरणाऱ्याबद्दल एक बरा शब्द लिहायचा असेल, दुसरं काय? पेलिंगनं दाढी केली, टाय बांधला.

ऑग्डन आला आणि कोट न काढताच शेकोटीपाशी बसला.

“फार वाळलास रे, पेलिंग.”

“तू मात्र तसाच खडूस दिसतोस. चहा घे. विष नाही घातलेलं.”

ऑग्डन हसला नाही. “विनिफ्रेड गेली. मार्चमध्ये.”

“अरेरे! वहिनी गेल्या?”

“तुझी पुस्तकं वाचायची. माझ्यापासून चोरून, चादरींच्या कपाटात ठेवून. शेवटी डोळे गेले, तेव्हा मलाच वाचायला लावलं. ते दीपगृहातल्या मुलीचं.”

पेलिंगचा ऊर भरून आला. “मग? कसं वाटलं?”

“रद्दी. पण ती हसायची रे. दुखणं विसरून हसायची.”

“मग हेच लिही ना! एवढंच लिही, पाया पडतो तुझ्या.”

“माझी बायको माझ्याच घरात काय लपवून वाचते ते मला कळलं नाही, असं लिहू? शक्य नाही.” ऑग्डननं कप खाली ठेवला. “शेवटचं प्रकरण राहिलं आणि ती गेली. पुस्तक तिच्याबरोबर शवपेटीत ठेवलं. आता दुसरी प्रत शोधतोय, तर दुकानदार विचारतात, पेलिंग कोण? तुझ्याकडे तरी असेल.”

“युद्धात बॉम्ब पडला तेव्हा लंडनच्या घरासकट माझी सगळी पुस्तकं जळाली.”

“मग तोंडानं सांग. विनिफ्रेड सारखी विचारायची, ती मुलगी खलाशाला माफ करते का?”

“पण शेवट पोरकट आहे, असं तूच छापलं होतंस!”

“तेव्हा कुठे वाचलं होतं मी.”

“हरामखोर!” पेलिंग ओरडला. पण समोरच्या म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. पेलिंगला कीव आली. सांगायला त्यानं तोंड उघडलं. खलाशी आठवला, वादळ आठवलं. ते पुस्तक लिहिलं त्या साली प्रकाशकाच्या घाईपायी एकामागून एक कादंबऱ्या पाडल्या होत्या. कुठल्या मुलीनं कुणाला माफ केलं, काही केल्या आठवेना.

“सांग ना,” ऑग्डन म्हणाला.

“मला आठवत नाही,” पेलिंग म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ऑग्डनचं म्हणणं पटलं.