शून्य आलेलं गाव

शून्य आलेल्या गावांची नावं पूजाताई वाचायला लागल्या तेव्हा उज्वलाला आधी बरंच वाटलं. आशाताईंच्या महिन्याच्या बैठकीत शून्य हा आकडा सहसा कौतुकाचाच असतो. घरी झालेली बाळंतपणं शून्य, लस चुकलेली बाळं शून्य, डेंग्यूचे पेशंट शून्य. बारा वर्षांत उज्वलाने असली शून्यं बरीच कमावली होती आणि त्यासाठी इगतपुरीकडच्या पावसात गुडघाभर चिखल तुडवला होता. आपल्या गावाचं नाव ऐकून तिने चहाचा कप खाली ठेवला आणि पदर सारखा केला.

पूजाताई गटप्रवर्तक होत्या, म्हणजे बावीस आशांच्या कामावर देखरेख त्यांची. त्यांनी समजावून सांगितलं, की हे शून्य जूनमधल्या सर्वेक्षणाचं आहे. फॉर्मच्या शेवटी मनाच्या आरोग्याचे दोन प्रश्न होते, त्यांचं. या तीन गावांत तिशीच्या पुढच्या एकाही माणसाला एकही गुण पडलेला नाही. तेव्हा आठवड्याचा एकेक दिवस तिथल्या उपकेंद्रात येऊन बसणाऱ्या समुपदेशक रोहिणी मॅडम आता येणार नाहीत. ते दिवस जास्त गुण आलेल्या गावांना दिले आहेत. "तुमची गावं ठणठणीत आहेत," पूजाताई हसून म्हणाल्या. मागच्या रांगेतल्या दोघींनी टाळ्याही वाजवल्या.

उज्वलाने मनात दिवस मोजले. तिच्या गावचा दिवस मंगळवार होता, आणि येत्या मंगळवारी अकरा वाजता रोहिणी मॅडमकडे तिचा नवरा जायचा होता.

ते दोन प्रश्न तिला तोंडपाठ होते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश वाटलं, असं किती दिवस? अजिबात नाही म्हटलं तर शून्य, जवळजवळ रोज म्हटलं तर तीन. लिहिणाऱ्याने लिहिले, पण विचारणाऱ्याने विचारायचे कसे, हे काही त्याने सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी उज्वलाने ते आळीतल्या फुलाबाईला विचारले होते. फुलाबाईने आधी दारात बसलेल्या सासूकडे पाहिलं, मग हसून म्हणाली, "उज्वला, तुलाच बरं नाय का?" त्यानंतर उज्वलाने कुणाला विचारलं नाही. तंबाखू विचारली, खोकला विचारला, पट्टी लावून प्रत्येकाची कंबर मोजली, आणि शेवटच्या दोन चौकोनांत घरी बसून शून्य घातलं. सगळ्याच आशा तसं करत होत्या. चारशे बारा फॉर्म होते आणि पेरणीच्या आत द्यायचे होते. कामचुकार म्हणावं अशी ती बाई नव्हतीच. उलट कुणाच्या घरात डोकावून त्याची लाज काढू नये, ही माणुसकीच आहे असं तिला वाटत होतं.

त्या चारशे बारांत एक फॉर्म तिच्या नवऱ्याचा, गोरक्षचा होता. तोही तिने चुलीपाशी बसून भरला होता, आणि तेव्हा गोरक्ष चार हातांवर भिंतीकडे तोंड करून पडलेला होता.

गोरक्ष पिकअप चालवायचा. घोटीहून टोमॅटो, काकडी भरायची आणि पहाटे वाशीला पोचवायची, असं सोळा वर्षं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी एकदा कसारा घाट उतरताना त्याची छाती एकदम धडधडायला लागली, हात बधिर झाले, श्वास पुरेना. त्याने गाडी कठड्याला लावली आणि रस्त्यावर आडवा झाला. सगळ्यांना हार्ट अटॅक वाटला. नाशिकला नेऊन ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, आणि डॉक्टरांनी सगळं नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर महिन्याभरात तीनदा तसंच झालं, आणि तीनही वेळा रिपोर्ट चांगले आले. मग त्याने गाडीत बसणंच सोडलं. आपल्याच नव्हे, कुणाच्याही. उज्वलाने दोनदा त्याला बसमध्ये बसवून पाहिलं, तर दुसऱ्या थांब्याला तो माणसांना ढकलत खाली उतरला होता.

रिपोर्ट चांगले येणाऱ्या माणसाला आजारी कोण म्हणणार. गावाने आधी विचारपूस केली, मग थट्टा केली, मग त्याचं नाव काढणंच सोडलं. सासू कुसाबाईने बाहेरचं काही असेल म्हणून तीन अमावास्यांना उतारा टाकला. उज्वलाही एकदा वैतागून बोलून गेली होती, की माणसाने मनावर घेतलं तर काय होत नाही. ते वाक्य तिला आजही टोचतं. पिकअप विकली, आणि गोरक्ष हळूहळू अंथरुणातच राहायला लागला. दाढी नाही, अंघोळ नाही, भजनात टाळ धरणं नाही. जेवायला वाढलं की चार घास खाऊन ताट सारायचा.

रोहिणी मॅडम गावात यायला लागल्या तेव्हा उज्वलानेच त्याला उपकेंद्रात नेलं. फार आशेने नव्हे. सगळं करून झालं होतं, हेच राहिलं होतं. मॅडम असतील जेमतेम तिशीच्या. त्यांनी आधी त्याला घाटातला तो दिवस सुरुवातीपासून सांगायला लावला आणि मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "गोरक्षभाऊ, हे तुमच्या हृदयाचं दुखणं नाही, आणि नाटकही नाही. भीतीचा झटका येतो माणसाला. बीपी-शुगरइतकाच खराखुरा आजार आहे, आणि पुष्कळांना असतो." गोरक्ष खुर्चीत बसल्या बसल्या रडला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, उज्वलाने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

पुढे जे झालं ते दिसायला अगदीच किरकोळ होतं. मॅडमनी सांगितलं, रोज एकच काम ठरवायचं, मन लागो न लागो ते करायचं; आधी हुरूप येईल आणि मग उठू, असं या आजारात होत नाही. आधी उठायचं, हुरूप मागून येतो. पहिल्या आठवड्यात त्याने रोज गोठ्यात जाऊन शेळीला पाणी दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात दाढी केली. तिसऱ्या भेटीनंतर तो कुणी न सांगता पारापर्यंत जाऊन आला. श्वास सावकाश सोडायचा कसा, छाती धडधडली तर स्वतःशी काय बोलायचं, तेही मॅडमनी शिकवलं होतं. अजून पाच-सहा वेळा भेटलो की एखाद्याच्या उभ्या गाडीत नुसतं बसून पाहू, चावी न लावता, असं ठरलं होतं. नंतर गाडी पारापर्यंत, मग फाट्यापर्यंत. औषधाची गोळी लागली तर ती तालुक्याच्या डॉक्टरांकडूनच घ्यावी लागेल, म्हणून आधी गाडीची भीती मोडायची.

पण पहिल्याच दिवशी मॅडमनी रजिस्टर उघडलं तेव्हा उज्वलाने त्यांचा हात धरला होता. रजिस्टर उपकेंद्रात उघडं पडलेलं असतं, कोणीही येऊन चाळतं. आशाच्याच घरात वेड निघालं, असं गावात झालं असतं. नाव नका लिहू, असं ती काकुळतीला येऊन म्हणाली होती. मॅडमना ते पटलं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, ठीक आहे, त्यांची भीड चेपली की लिहू. दुसरं कुणी आलंच नाही. त्यामुळे कागदावर त्या खोलीत तीन मंगळवारांत एकही माणूस आलेला नव्हता.

बैठकीत उज्वला उभी राहिली. तिला स्वतःलाही कळलं नाही कधी राहिली ते. "ताई, आमच्याकडं एक पेशंट हाय," ती म्हणाली.

पूजाताईंनी पेन उचललं. "नाव सांग. रजिस्टरला आहे ना?"

बाकीच्या एकवीस जणी वळून बघत होत्या. त्यातल्या एकीचं माहेर उज्वलाच्या गावात होतं, दुसरीची बहीण तिच्याच आळीत दिली होती. उज्वलाला तोंडातलं नाव बाहेर काढता येईना. "बघून सांगते," ती म्हणाली आणि खाली बसली. पूजाताईंनी पेन ठेवलं आणि बैठक पुढे जंतनाशक गोळ्यांवर गेली.

सगळ्या गेल्यावर ती थांबली आणि पूजाताईंना खरं काय ते सांगितलं. फॉर्म, शून्यं, रजिस्टर, नवरा, सगळं. पूजाताई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि उज्वलाला पाणी दिलं. पण जूनची माहिती ऑनलाइन चढून बंद झाली होती, आता एप्रिलपर्यंत ती कुणाला उघडता येणार नव्हती. शिवाय एक नाव आज घातलं तरी एका माणसासाठी आख्खा दिवस कुणी देत नाही. "आणि खरं सांगू का," पूजाताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू एकटीनं नाही गं शून्यं घातलीस. बाकीच्यांनी मधूनमधून एक-दोन गुण टाकले, एवढंच." यावर उज्वलाला हसावं की रडावं कळेना. प्रामाणिकपणे सरळ शून्यं घातली म्हणून तिचं गाव गेलं होतं.

तिने रोहिणी मॅडमना फोन लावला. त्यांना वाईट वाटलं, ते आवाजात कळत होतं. पण त्यांचे पाचही दिवस वाटून झाले होते आणि शनिवार-रविवारी त्या मनमाडला आजारी वडिलांकडे जायच्या. फोनवर बोलू, म्हणाल्या. सरकारी मदतीचा नंबर आहे तोही दिला. येणं बंद झाल्याचं मीच सांगेन असं मॅडमना विनवून उज्वलाने घरी येऊन परत फोन लावला आणि, बैठकीचं काही न सांगता, मॅडमचा फोन आहे म्हणून गोरक्षला दिला. त्याने तो कानाला लावला, हं हं केलं, दोन मिनिटांनी परत तिच्या हातात ठेवला. समोर माणूस नसला की त्याला बोलता येत नव्हतं. सोळा वर्षं गाडीवर एकट्याने काढलेला माणूस तो, बोलायला लागलाच मुळी तीन मंगळवारांपूर्वी.

मंगळवार येईपर्यंत चार दिवस होते. रोज सकाळी उज्वला ठरवायची, आज सांगायचं. रोज तो उठून शेळीकडे जाताना दिसायचा आणि तिची जीभ उचलायची नाही. खरं सांगून त्याच्या पायातलं बळ काढून घ्यायला तिला धीर होईना. सोमवारी संध्याकाळी तर तो आपणहून म्हणाला, की उद्या मॅडमला विचारायचं, उभ्या गाडीत बसायचं ते गावातल्या बारकूच्या टेम्पोत बसलं तर चालेल का. त्याने बारकूला विचारूनही ठेवलं होतं.

मंगळवारी तिला भाताच्या सोंगणीला जायचं होतं. तिने बांधावर पोचल्याबरोबर विळा ठेवला आणि तशीच मागे फिरली. उपकेंद्राशी आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. दाराला कुलूप होतं. गोरक्ष पायरीवर बसला होता, अंघोळ करून, भांग पाडून, लग्नाकार्याला घालायचा निळा शर्ट घालून. शर्ट आता त्याला ढगळ होत होता.

"मॅडमला उशीर झाला आज," तो म्हणाला. "बस चुकली आसंल."

उज्वला त्याच्याशेजारी बसली आणि तिने सांगून टाकलं. मॅडम येणार नाहीत. आजच नाही, पुढेही नाहीत. का, तेही सांगितलं. "मीच शून्य लिहिलं हो," ती म्हणाली. "समद्या गावाच्या नावापुढं. तुमच्याबी. इचारलंसुद्धा नाय."

त्याने समोरच्या शेताकडे पाहिलं. बायका ओळीने वाकून भात कापत होत्या. तिला वाटलं तो चिडेल, आणि चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"इचारलं असतंस तरी मी काय नायच म्हणलो असतो," तो म्हणाला. "बराबर लिहिलंस तू."

त्या बोलण्याने ती जी रडायला लागली ते तिला आवरेना. तोंडात पदर धरून ती रडत राहिली. चांगुणा म्हातारी काठी टेकत रस्त्याने चालली होती, तिने थांबून विचारलं, काय झालं गं पोरी. गोरक्षनेच उत्तर दिलं, की काय नाय आजी, डोळ्यात कचरा गेला.

म्हातारी दिसेनाशी झाल्यावर त्याने विचारलं, "किती वाजता उठायच्या मॅडम?"

"बाराला."

"मग बसू बारापातूर."

आणि ती दोघं बसली. मॅडमसमोर बसायचा तसाच तो बसला होता, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. एकदा त्याचा श्वास वाढला. त्याने डोळे मिटून तो सावकाश सोडला, एकदा, दोनदा, पुष्कळ वेळा. उज्वलाला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण मॅडम अशा वेळी काय करायच्या ते तिला माहीत नव्हतं. पहिल्या दिवसानंतर त्या आत बोलायच्या तेव्हा ती बाहेर रजिस्टरवर नजर ठेवून उभी असायची.

शाळेची जेवणाची घंटा झाली तसा गोरक्ष उठला. पँटची मागची धूळ झटकली, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि घराच्या दिशेने दोन पावलं टाकून तो थांबला.

"मॅडमचा फोन आला तर सांग त्यांला," तो म्हणाला, "मी आल्तो म्हणून."