नुन्झियाता काही करत नव्हती

नेपल्सच्या त्या गल्लीत सकाळचे अकरा वाजले की बायका खिडकीतून दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली सोडत. हातमोज्यांच्या कारखान्याचा मुकादम आनिएल्लो कालचे शिवलेले हातमोजे काढून घेई आणि नवं कापलेलं कातडं टाकी. चौथ्या मजल्यावरच्या नुन्झियाताने अडतीस वर्षं अशी टोपली सोडली. तिला पुरल्याच्या नवव्या दिवशी तिची मुलगी एर्सिलिया खोली आवरायला आली, तर टोपली खालीच होती.

"ओढ वर, पोरी!" आनिएल्लो खालून ओरडला. "आईचाच हात आहे हो तुझा!"

"मी काही शिवलेलं नाही, काका."

"मग काय उंदरांनी शिवलं?" हसत त्याने टोपलीतून काढलेल्यांपैकी एक मोजा तिला दाखवायला नव्या कातड्यावर टाकला.

तिने टोपली वर घेतली. मोज्याच्या अंगठ्याच्या मुळाशी एक जादा टाका होता. तो फक्त आई घालायची. कातडं गार होतं, पण बोटं आत घातली तर ऊब लागली.

तिने कातडं कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर नेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. कपाट रिकामं होतं आणि दोरी खिडकीबाहेर भरल्या टोपलीने ताणलेली होती.

एर्सिलिया आईच्या खुर्चीत बसली. वडील त्याच कारखान्याची गाठोडी वाहायचे, म्हणून ते कामगार ठरले. त्यांना पेन्शन मिळाली. आई शिवायची, ती गृहिणी; तिला पेन्शन नाही. एकदा सरकारी तपासनीस दारात आला. काम जाईल या भीतीने आई कातडं पलंगाखाली ढकलून म्हणाली, "मी काही करत नाही, साहेब. घरीच असते." गल्लीतल्या साऱ्या बायकांनी हेच सांगितलं. मागचा हिवाळा आईने घरात कोट घालून, शेगडी न पेटवता काढला.

कामावर घेतल्याची नोंदच नाही, तर तिला मोकळं कोण करणार?

अकरा वाजले, तशी ती खिडकीत गेली. "काका, माझी आई तुमच्याकडे कामाला होती. अडतीस वर्षं! आज सगळ्यांसमोर सांगा, ती सुटली म्हणून."

समोरच्या खिडक्यांतल्या बायकांच्या हातातल्या दोऱ्या थांबल्या.

"हळू बोल की!" आनिएल्लो चिडला. "कसलं काम? फावल्या वेळचा उद्योग तो. तिनेच सांगितलं होतं ना साहेबाला? विचार की तिला." त्याची नजर एर्सिलियाच्या खांद्यावरून मागे गेली. सवयीनेच तो म्हणाला, "काय गं नुन्झियाता, खरं ना?"

मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

एर्सिलियाने वळून पाहिलं नाही. मानेजवळ कातड्याचा वास आला.

"खोटं बोलले मी," मागून आई म्हणाली. "केलं काम. दमले आता."