पट्टीखालचा दिवा

ड्रायव्हिंग स्कूल बहीण-भाऊ मिळून चालवायचे. ताई गाडी शिकवायची, धाकटा भाऊ ऑफिस सांभाळायचा. चार दिवस तापानं घरी पडून ताई त्या सकाळी कामावर आली, तर पहिलीच शिकाऊ होती बासष्ट वर्षांची निवृत्त नर्स. चष्मा नाकावर चढवून ती स्टीअरिंगमागे बसली आणि डॅशबोर्डवरच्या काळ्या टेपच्या तुकड्याकडे बघत राहिली.

"ही मलमपट्टी कसली? खाली जखम असणारच," म्हणत तिनं तो नखानं उचकटलासुद्धा.

खाली एअरबॅगचा दिवा ढळढळीत पेटलेला! टेप भावानंच लावलेली, हे ओळखून ताईचं डोकंच फिरलं. नर्सला शेजारी बसवून तिनं गाडी थेट ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली आणि भावाला फोन करून तिथंच बोलावलं.

इलेक्ट्रिशियननं स्कॅनर जोडला. बिघाडाचा कोड निघाला ड्रायव्हरकडच्या एअरबॅगच्या सर्किटचा. त्यानं तो पुसला, दिवा गेला. तेवढ्यात भाऊ येऊन ठेपला.

"गेला ना? उगाच बाऊ करतेस. चल, क्लास खोळंबलेत."

"थांब जरा," ताई म्हणाली.

इलेक्ट्रिशियननं स्टीअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. दिवा परत हजर. ताईनं हॉर्न दाबला, तर तोही मुका.

"स्टीअरिंगच्या आत तारांची गुंडाळलेली पट्टी असते," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "हॉर्न आणि एअरबॅग, दोन्हींची जोडणी तिच्यातूनच जाते. ती तुटलीय. नवी यायला चार दिवस लागतील."

"चार दिवस? त्यापेक्षा बॅगेच्या जागी एक रेझिस्टर टाक की, गाडीला बॅग जोडलेली वाटेल. दिवा गप्प बसेल. सगळे तेच करतात," भाऊ म्हणाला.

"दिवा गप्प बसेल," ताई म्हणाली. "पण धडक बसली तर बॅग उघडेल?"

इलेक्ट्रिशियननं मान हलवली. "नाही."

"मग झालं तर." ताईनं किल्ली काढून खिशात टाकली.

"ताई, स्कूल माझ्या नावावर आहे!"

"असेल. शिकवायचा परवाना माझ्या नावावर आहे. ज्यांना ब्रेक कुठला नि क्लच कुठला हे कळत नाही, त्यांना मी अशा गाडीत बसवणार नाही. तुझ्यात धमक असेल तर घे ही किल्ली."

"मी दुसरा शिकवणारा आणीन!"

"आण की," नर्स मधेच म्हणाली. "त्याला काय सांगायचं ते मी सांगते."

भाऊ पाय आपटत निघून गेला. दुसरा शिकवणारा काही आला नाही. ताईनं ऑफिसपुढच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, शिकाऊंच्या हातात स्टीअरिंग म्हणून ताटल्या दिल्या आणि पायाखाली विटा ठेवून क्लच-ब्रेकचा सराव सुरू केला. येणारे-जाणारे हसले. भाऊ खिडकी लावून आत बसला. ताईनं आवाज आणखी चढवला.

पाचव्या दिवशी तारांची नवी पट्टी आली. बॅग चुकून उघडू नये म्हणून बॅटरीची तार सोडून, थोडा वेळ थांबून मगच इलेक्ट्रिशियननं स्टीअरिंग उघडलं. काम झाल्यावर ताईनं स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवलं. स्कॅनरवर एकही कोड नाही. भाऊ अजून तोंड फुगवून होता. तिनं त्याची समजूत काढली नाही.

"चला," ती नर्सला म्हणाली, "आरसे नीट करा आणि गाडी चालू करा."